शेजारचा वाडा आणि आपली सही

(सदराकडे आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून)

ताई, सा. न. वि. वि.

ग्वाल्हेरला लष्कर भागात, सराफ्याच्या मागच्या अंगाला आमची गोठ, म्हणजे जुनी वस्ती, आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला दुमजली दगडी वाडा. पुढे तीन दुकानं, आत चौक. भिंतीला भिंत लावून शेजाऱ्यांचा तसाच वाडा. शेजाऱ्यांनी तो दिल्लीच्या एका बिल्डरला द्यायचं ठरवलं आहे. तो पाडून तिथे काचेची इमारत होणार, तळघरात पार्किंग, खाली कपड्यांचं मोठं साखळी दुकान, वर कॉफीवाले आणि जिम. गोठीत दोन तट पडलेत. गणपतीच्या वर्गणीची बैठक होती, तिथे वर्गणी राहिली बाजूला आणि "तुम्हाला विकास नको" विरुद्ध "तुम्हाला लाज नाही" असं चाललं. विरोधातले लोक नगर निगमला, म्हणजे महापालिकेला, अर्ज देतायत. मी बत्तीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, म्हणून माझी सही त्यांना सगळ्यांत वर हवी आहे.

आता खरी गोष्ट. शेजाऱ्यांचा व्यवहार जुळवणाऱ्या दलालाशीच आमचे हे दोन महिने बोलतायत. आमचाही दर्शनी भाग त्याला एका साखळी दुकानासाठी हवा आहे. पुण्याच्या भावजींना पैसे हवेत. भोपाळच्या वन्संना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. पुढच्या दुकानांपैकी एकात तबलेवाले आहेत, तीन पिढ्या, महिना दोनशे रुपये भाडं. मागची भिंत पावसाळ्यात फुगते, आणि गेल्या श्रावणात सासूबाईंच्या खाटेच्या वरची, छताची एक दगडी पटिया तडकली. वाडा राहावा असं मनापासून वाटतं. पण गुडघे दुखतात तेव्हा लिफ्ट असावी असंही वाटतं. सही करू की नको?

— दोन्हीकडून अडकलेली

*

बाई,

शाळेत शिकवायचात, म्हणून बाईच म्हणते. तुमच्या पत्रातलं लिफ्टचं वाक्य मी दोनदा वाचलं. वारशावर तावातावाने बोलणाऱ्यांना लिफ्ट सहसा आठवत नाही, कारण ते वारशात राहत नाहीत. तुम्ही राहता, आणि राहूनही वाडा हवा म्हणता, म्हणून तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येईल.

आधी सहीचं. या कागदावर, आत्ता, करू नका. तुमच्या यजमानांची बोलणी आज ना उद्या गोठीत कळणारच. सराफ्याच्या मागे कुठली गोष्ट लपते? त्या दिवशी तुमची सही शेजाऱ्यांच्या हातात कोलीत होईल, आणि ज्यांनी ती मागितली त्यांच्या तोंडाला काळं लागेल. पण हे भीतीपोटी सांगत नाहीये. शेजाऱ्याला जे करू नको म्हणायचं ते आपल्या घरात चाललं नसावं, एवढी साधी गोष्ट आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर यजमानांना सांगा की माझ्याकडे असा कागद आला आहे, आणि तुमचं बोलणं मला ठाऊक आहे. भांडण होईल, होऊ द्या. ते घरात झालेलं बरं.

दुसरं कारण म्हणजे तो अर्जच कच्चा असावा असा मला संशय आहे. "आमचा ऐतिहासिक वारसा वाचवा" एवढंच लिहिलं असेल तर निगमातला बाबू तो नस्तीत लावेल आणि चहा पिईल. १९५८ चा केंद्राचा पुरातत्त्व कायदा आणि १९६४ चा मध्य प्रदेशचा, दोन्ही घोषित केलेल्या स्मारकांना लागू होतात. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचं बंधन, हा नियम २०१० पासून कायद्यातच आहे; किल्ल्याला, हजिऱ्याच्या मुहम्मद घौसांच्या मकबऱ्याला त्याचा आधार मिळतो. गोठीतल्या खासगी वाड्याला, तो कितीही देखणा असला तरी, नुसत्या वयामुळे कुठलंही कवच मिळत नाही. शंभर वर्षांचा वाडा म्हणजे आपोआप वारसा असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही.

तुमच्या हातात खरं बळ वेगळ्याच गोष्टीचं आहे, आणि पत्रात तुम्ही ती दोन शब्दांत उरकलीत: "भिंतीला भिंत". आपल्याकडचे वाडे एकमेकांना टेकून उभे आहेत. जाड दगडी भिंत, आत चुना, आणि छताच्या पटिया या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकलेल्या. म्हणून खोलीची रुंदी पटियेच्या लांबीएवढीच असते, हे तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून पाहत आला असाल. त्यातला एक वाडा खाली आला की दुसऱ्याची एक भिंत उघडी पडते, जी उघड्यावर राहण्यासाठी कधी बांधलेलीच नव्हती. त्यात शेजारी पार्किंगसाठी तळघर खणणार! दिल्लीचा बिल्डर पावसाळ्यापूर्वी खड्डा मारेल, आणि तुमची फुगलेली भिंत त्या खड्ड्याच्या काठावर उभी असेल.

इथे मात्र कायदा तुमच्या बाजूचा आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा, वकील ज्याला ईझमेंट म्हणतात तो, असं सांगतो की शेजारच्या जमिनीचा किंवा बांधकामाचा आधार तुमच्या इमारतीला वीस वर्षं सलग, तंट्याशिवाय मिळाला असेल तर तो हक्क होतो. खिडकीतून येणाऱ्या उजेडवाऱ्याचंही तसंच. तुमचा आधार वीस सोडा, चार पिढ्यांचा आहे. तेव्हा गोठीच्या अर्जाखाली सही करण्याऐवजी तुमच्या घराचा स्वतंत्र अर्ज द्या, निगमला आणि एक प्रत शेजाऱ्यांना. पाडण्याआधी दोन्ही वाड्यांची स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी, सामाईक भिंतीचे तारीखवार फोटो, खोदकामाच्या बाजूला टेकू, पावसाळ्यात खोदकाम बंद, आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार ते लेखी. एसीची बाहेरची युनिटं गल्लीवर लटकणार का, माल उतरवणारे ट्रक रात्री किती वाजता येणार, जनरेटरचा धूर कुणाच्या चौकात, सांडपाण्याची जुनी मोरी एवढा भार घेईल का, हेही विचारा. अशा प्रश्नांना "बघू" म्हणून टाळता येत नाही. गोठीतल्या दोन्ही तटांना हा कागद दाखवा. विकासवाल्यांच्या घरातही मोरी तुंबतेच.

आणि हो, शेजाऱ्यांशी बोलणं तोडू नका. त्यांनी का द्यायचं ठरवलं हे कुणी विचारलं आहे का? माझा अंदाज, नाही. बैठकीत फक्त लाज काढली गेली.

आता तुमच्या घरातलं. हे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण यात माझीही चूक गुंतलेली आहे.

माझं माहेर जनकगंजातलं. २००८ साली माझ्या भावांनी वाड्याचा पुढचा भाग एका मोबाइलच्या साखळी दुकानाला दिला. मी तेव्हा बँकेत कर्जविभागात होते, घरातली शहाणी, म्हणून करार माझ्याकडे वाचायला आला. मी भाड्याचा आकडा वाचला आणि खूश झाले. बाकीची सोळा पानं चाळली. नऊ वर्षांचा करार होता; मला वाटलं नऊ वर्षांची निश्चिंती. प्रत्यक्षात नऊ वर्षांचं बंधन आमच्यावर होतं, दुकानावर फक्त पहिल्या तीन वर्षांचं. असले करार साधारण याच साच्याचे असतात: दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढ, दुकान सजवायच्या दोन-तीन महिन्यांचं भाडं माफ, आणि लॉक-इन, म्हणजे दुकानावरचं बंधन, संपलं की महिन्या-दोन महिन्यांच्या नोटिशीवर दुकान मोकळं. त्यांनी रुंद काच हवी म्हणून दोन दारांमधला दगडी खांब काढला, वर लोखंडी गर्डर घातला. दरवाज्यावरची जाळी उतरवली. ती कुठे गेली हे आजही कुणाला सांगता येत नाही. आतल्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट आणि त्यावर प्लॅस्टिक पेंट. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. ओल आतच राहिली, आणि फॉल्स सीलिंगमुळे ती दोन वर्षं दिसलीही नाही. चौथ्या वर्षी पत्र आलं: कंपनी या शहरातली छोटी दुकानं बंद करते आहे. गेले. मागे उरला एक काचेचा खोका, जो एवढ्या भाड्याला दुसरं कुणी घेईना. पुढे तिथे महिन्याच्या बोलीवर "हर माल" वाला बसला. वाडा शेवटी विकला गेला. आई तेव्हा हयात होती.

म्हणून तुमच्या यजमानांना एकच विनवणी: दलालाला "द्यायचं की नाही" हे सांगण्याआधी "काय, किती काळ, कुठल्या अटीवर" हे कागदावर मागा. साखळी दुकानाला तुमचा वाडा पाडलेला लागतोच असं नाही. त्यांना रस्त्यावरची रुंदी, छताची उंची, विजेचा भार आणि गाडी थांबायला जागा लागते. पाडणं बिल्डरला हवं असतं, कारण त्याचा नफा मजल्यांत आहे. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि दलाल त्या जाणूनबुजून एकाच वाक्यात बोलतो. पुढचा भाग भाड्याने देऊन वाडा तुमच्याच नावावर राहू शकतो. अट घाला की भार पेलणाऱ्या एकाही भिंतीला किंवा खांबाला आमच्या इंजिनीअरच्या लेखी होकाराशिवाय हात लावायचा नाही, आतून चुनाच, जाळी जागच्या जागी, बोर्ड जाळीच्या खाली, जाताना जागा पूर्ववत. लॉक-इन दोघांना सारखं. आणि करार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी झालीच पाहिजे. "आधी नोटरीवर करू, मग बघू" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. या अटी ऐकून ते निघून गेले तर समजा की त्यांना वाडा नको होता, जागा हवी होती.

मात्र हे बोलणं तुमच्या यजमानांनी एकट्याने करायचं नाही. वन्संना अंधारात ठेवलं आहे, हे पत्रातलं मला सगळ्यांत खटकलेलं वाक्य. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. वन्संची सही नसलेला व्यवहार कुठलीही शहाणी कंपनी करणार नाही, आणि करणारी असेल तर तिच्याशी तुम्ही करू नये. भावजींनी उतावळेपणाने आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला, तर त्या माणसाला राहत्या घरात तुमच्याबरोबर ताबा मागता येत नाही. आणि वाटणीसाठी तो कोर्टात गेला तर त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची मुभा घरच्यांना १८९३ च्या पार्टिशन अ‍ॅक्टने दिली आहे. पुण्यात बसून "विकून टाका" म्हणणं सोपं असतं. तसंच पुण्यात बसून "वाडा ठेवा हं" म्हणणंही. भावजींना पैशांची गरज असेल तर ती खोटी नाही. पण मागच्या भिंतीच्या डागडुजीचा हिशेब चौघांत वाटून त्यांच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

चौघांत म्हटलं, कारण सासूबाई! तुमच्या पत्रात त्या फक्त एका तडकलेल्या पटियेखाली आल्या आहेत. सासरे गेलेले असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या हिश्शात पत्नीचा वाटा मुलांच्या बरोबरीचा असतो. दोन महिने बोलणी चालली, त्यांना कुणी विचारलं? त्या कदाचित तुमच्या सगळ्यांआधी "पाडा" म्हणतील. माझी आई म्हणाली होती. वाड्याचं प्रेम आम्हा मुलींना होतं. तिला विहिरीवरून पाणी आणलेलं आठवत होतं.

सासूबाईंच्या नावावरून एक सावधगिरी. दलाल तबलेवाल्यांसाठी एक युक्ती सुचवेल. १९६१ च्या मध्य प्रदेशच्या भाडेनियंत्रण कायद्यात विधवा मालकिणीसाठी, निवृत्त सरकारी नोकरांसाठी वगैरे जागा लवकर मोकळी करून घेण्याची वेगळी वाट आहे. ती स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी आहे. सासूबाईंचा अंगठा घेऊन, त्यांची गरज दाखवून तबलेवाल्यांना काढायचं आणि महिन्याभरात तिथे साखळी दुकानाचा बोर्ड लावायचा, हे कोर्टात लबाडी ठरतं आणि गोठीत त्याहून वाईट. पुन्हा बांधण्यासाठी जागा हवी असं खरोखर असेल, तर बांधून झाल्यावर परत यायचं आहे का, हे कोर्ट भाडेकरूला विचारतं. कायद्यातच तशी सोय आहे.

दोनशे रुपये भाडं अन्यायाचं आहे, हेही म्हणते. त्यात घरपट्टीचा कोपराही निघत नाही, आणि मालकाने डागडुजी करावी अशी अपेक्षा मात्र असते. आपले निम्मे वाडे या हिशेबाने पडले, साखळी दुकानं यायच्या पुष्कळ आधी. तबलेवाल्यांशी समोरासमोर बसा. पुढची जागा गेली तर चौकातली एक खोली, आजच्या जगातल्या भाड्याने, लेखी करारावर. त्यांना रस्त्यावरची काच कशाला? तबला शाई लावून, ओढून द्यायला माणूस मिळाला की गिऱ्हाईक चौकात काय, माळ्यावरही चढतं. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, तेव्हा शहरभर फलक लागले. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँच्या गावात तबल्याची पुडी बदलायला आग्ऱ्याला जायची वेळ आली तर ते फलक वाचायला बरे वाटणार नाहीत.

गोठीतल्या भांडणाबद्दल थोडंच. "आमचं लष्कर होतं तसं राहू द्या" म्हणणाऱ्यांना आठवण करून द्या की १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, म्हणून हे लष्कर. तंबूंच्या जागी वाडे आले तेव्हाही कुणी तरी कपाळाला हात लावला असेल. उलट "नाव तर राहतंच ना" म्हणणाऱ्यांना चिटणिसांची गोठ आणि फालके बाजार दाखवा. नाव राहिलं, पण रिक्षावाल्याला विचारा कोण चिटणीस. आणि महाराज बाड्याचं, इथल्या मुख्य चौकाचं, उदाहरण देणारे दोन्ही बाजूंना असतात. व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये जळालं, पुन्हा उभं राहिलं, आज तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय आहे, हे छान आहे. पण ते सरकारी पैशाने. जीवाजीगंजातलं सरोद घर एका घराण्याने वडिलोपार्जित घराचं संग्रहालय केलं, कारण त्या घरात उस्ताद हाफिज अली खाँ होऊन गेले. तुमच्या-माझ्या घरात असं कुणी झालं नाही. आपल्याला वाडा भाड्यावर, पगारावर आणि चौघांच्या वर्गणीवरच उभा ठेवायचा आहे, आणि तो हिशेब जुळला नाही तर तो पाडणं हे पाप नाही. मी हे लिहिलेलं काही जुन्या वाचकांना रुचणार नाही, चालेल.

लिफ्टचं म्हणाल तर दगडी वाड्याच्या चौकात, भिंतींना न टेकणारी, स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर उभी राहणारी छोटी लिफ्ट बसवतात. तुमच्या चौकात बसेल का ते पाहून सांगायला माणूस लागेल. माधव इन्स्टिट्यूटच्या आर्किटेक्चर विभागात जाऊन विचारा, तुमचा एखादा विद्यार्थी तिथे सापडेलच. सोबत दगडकाम जाणणारा एक म्हातारा कारीगर न्या. इंजिनीअर भार मोजेल, कारीगर भिंतीवर थाप मारून सांगेल ती कुठे पोकळ झाली आहे. दोघांचं मत आल्याशिवाय दलालाचा फोन उचलू नका. तोवर तो कासावीस होतो का थंड पडतो, तेही कळेल. आणि ते आलं की मग गोठीचा अर्ज परत मागवून वाचा. मोरी, ट्रक, तळघर आणि टेकू त्यात आले असतील, आणि तुमच्या घरातलं बोलणं तोवर उघड झालं असेल, तर खुशाल सही करा. सगळ्यांत वर नको, ओळीत.

वन्संना फोन उद्या सकाळी. सासूबाईंची खाट मात्र आज संध्याकाळीच त्या पटियेखालून हलवा.